सोलापूरच्या धुळीत आमच्या काचेची पिचकारी

सोलापूरहून परत आल्यापासून चिपळुणातल्या बायका मला विचारतात, तिकडे काय काय पाहिलंत? सिद्धेश्वराचं देऊळ पाहिलं, तळं पाहिलं, किल्ला बाहेरून पाहिला. पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त वेळ मी पाहिली ती आमच्याच गाडीची समोरची काच, आणि तीही आतून.

निमित्त पुष्पाच्या लग्नाचं होतं. पुष्पा म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेची, इंदूताईंची मुलगी. इंदूताई लग्न होऊन सोलापूरला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. थोरल्या नणंदेला आम्ही सगळे आक्का म्हणतो. त्या आमच्याकडेच असतात. या दोघी बहिणी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्याचं कारण होतं सुके बोंबील.

आक्का दर वर्षी प्रेमाने धाकटीला बोंबलांचं पुडकं पाठवायच्या. इंदूताईंच्या सासूबाई माळकरी. घरात मासळीचं नाव काढायची सोय नाही. आक्कांचं मन मोडायला नको म्हणून इंदूताई "पोचले, छान होते" एवढंच कळवायच्या आणि पुडकं गुपचूप दूधवाल्याला देऊन टाकायच्या. एकदा आक्का स्वतः सोलापूरला गेल्या, तेव्हा दूधवाल्यानेच त्यांचे आभार मानले. त्या दिवसापासून अबोला. आता पुष्पाने "मोठ्या मावशीशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही" असा हट्ट धरला, म्हणून आक्का निघाल्या. पण निघतानाच त्यांनी सांगून ठेवलं, "पोरीला आशीर्वाद देईन. तिच्या आईशी बोलायला मला सांगू नका."

घाटावर

आमच्या ह्यांची लाकडाची वखार आहे. गाडी त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टरांकडून घेतली, ती घेतली तेव्हाच म्हातारी होती. तिचे दरवाजे तीन उघडतात, चौथा आपल्या मर्जीने. पण तिच्यात एक काळं बटण आहे, आणि त्या बटणावर ह्यांचा फार जीव. ते दाबलं की बॉनेटखालच्या बरणीतलं पाणी नळीतून वर चढतं आणि दोन बारीक तोट्यांतून काचेवर धारा उडतात, असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. उडालेल्या मात्र मी कधी पाहिल्या नव्हत्या. आमच्याकडे काच धुवायची वेळच येत नाही. पावसाळ्यात आभाळ धुतं, आणि एरवी गाडी वखारीत गोणपाटाखाली झाकलेली असते.

कुंभार्लीचा घाट चढलो, कऱ्हाड गेलं, विटा गेलं आणि धूळ सुरू झाली. धूळ म्हणजे काय ते आम्हा कोकणातल्या माणसांना कळत नाही. आमची माती जागच्या जागी बसून असते. इकडची माती उठून प्रवासाला निघते. समोरून एक ट्रक गेला आणि काच एकदम बंद खिडकीसारखी झाली. हे मला म्हणाले, "आता बघ." आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बॉनेटखालून कुणीतरी उसासा टाकल्यासारखा आवाज आला. हे दाबत राहिले. मागून आक्का म्हणाल्या, "बाबू, गाडीला उचकी लागली का रे?"

सांगोल्याच्या अलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला. रस्ताभर मेंढरं, त्यांच्यावर धुळीचा ढग आणि ढगात आम्ही. यांनी गाडी थांबवली. बरणीतलं पाणी काही वर येईना, बरणी बाहेर काढायचं यांना जमेना आणि प्यायचा तांब्या आक्कांनी रिकामा केलेला. तेव्हा यांनी मेंढरांमागच्या म्हाताऱ्या मेंढक्याला विचारलं, "बाबा, थोडं पाणी मिळेल का?"

म्हाताऱ्याने खांद्यावरची पाण्याची पिशवी काढून लगेच पुढे केली. "घ्या की. पिऊन घ्या."

"प्यायला नको. काचेला हवंय."

म्हाताऱ्याने पिशवी मागे घेतली आणि काचेकडे बघितलं, मग यांच्याकडे. "काच तहानली व्हय?"

"धूळ बसलीय ना. दिसत नाही."

"मग फडक्यानं पुसा की. हितं प्यायच्या पान्याला दोन कोस चालावं लागतंय, आन् तुमी काचंला पाजताय."

हे लाजले. म्हाताऱ्याने मात्र आम्हा तिघांना ओंजळीने पाणी पाजलं आणि शेवटी हसत उरलेल्या घोटाची चूळ भरून काचेवर फुर्रकन उडवली. "झालं का तुमचं काम?" असं म्हणून तो मेंढरांमागे गेला. त्या फवाऱ्याने धुळीचा चिखल झाला, आणि वायपरने तो चिखल भिंत सारवावी तसा काचभर सारवला. मंगळवेढ्यापर्यंत हे खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते. एका बैलगाडीच्या कडब्यात शिरता शिरता राहिलो, तेही बैलांनीच बाजू दिली म्हणून. मंगळवेढ्याच्या ज्वारीची मोठी ख्याती आहे म्हणतात. तिचा कडबा मी फार जवळून पाहिला.

सोलापुरात

इंदूताईंचं घर गिरणीच्या बाजूला, भोंग्यावर चालणारं. त्यांचे यजमान, अण्णा, गिरणीत कारकून. शेजारी मागवाली तेलुगू कुटुंबं, त्यामुळे दिवसभर खटखट चालू. पहिल्या दिवशी डोकं उठलं, दुसऱ्या दिवशी आवाज थांबला की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगाची चटणी. आमच्याकडे चटणी ताटाच्या कोपऱ्यात असते, इथे ती मुठीने वाढतात आणि वर तेल ओततात. भाताची मी वाट पाहत राहिले. तो आला तेव्हा मूद एवढीशी, देवाच्या नैवेद्याला शोभावी अशी. कडक भाकरी तर मी पापड समजून बाजूला ठेवली होती.

दोघी बहिणी समोरासमोर बसल्या होत्या, आणि मी मध्ये. इंदूताई म्हणाल्या, "शालू, आक्काला विचार, भाकरी वाढू का?"

मी विचारलं, "आक्का, भाकरी वाढू का?"

आक्का म्हणाल्या, "तिला सांग, अर्धी."

"इंदूताई, अर्धी."

असं लग्नघर. हळकुंडांपासून आंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळं माझ्यामार्फत. दुपारपर्यंत माझा घसा बसला.

संध्याकाळी अण्णांनी खरी अडचण सांगितली. नवरामुलगा मंद्रूपचा, शेतकरी घराणं. त्याची आजी फार म्हातारी, एस.टी.त बसली की तिला घेरी येते. आणि आजी आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत असं त्या मंडळींनी कळवलेलं. मंद्रूप काही लांब नाही, पण दोन्ही घरांत मिळून गाडी कुणाकडेच नाही. तेव्हा अण्णांनी शब्द दिला होता की चिपळूणहून आमचे मेहुणे मोटार घेऊन येताहेत, तेच आजींना आणतील.

"आणू की," हे म्हणाले.

"आणशील," आक्का म्हणाल्या. "पण कडब्याच्या गाडीतून का मोटारीतून ते सांग. विजापूरच्या रस्त्याला ट्रक म्हणे एकामागे एक असतात. काच आंधळी झाली आणि त्या म्हातारीला काही झालं तर पोरीच्या लग्नात काय तोंड दाखवणार?"

मी म्हटलं फडकं घेऊन जाऊ. पण चालत्या गाडीची काच बाहेरून कोण पुसणार? आक्कांचं म्हणणं खरं होतं, आणि इंदूताईंचा चेहरा उतरला होता. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शालू, आक्काला सांग, गाडी गेली नाही तर लग्नच पुढे जाईल."

मी सांगायला तोंड उघडलं. आक्का म्हणाल्या, "ऐकलं मी."

यांनी अण्णांच्या ओळखीच्या करीमभाईंना बोलावलं. करीमभाई मोठे हौशी मेस्त्री. आल्या आल्या बॉनेट उघडलं, बरणी काढली, धुतली, नळी हुंगली आणि यांना बटण दाबायला सांगितलं. स्वतः कान लावून ऐकत राहिले.

"पानी बरणी में से निकलरा," ते म्हणाले. "नल्ली में जारा. आगे नै जारा."

"मग जातंय कुठे?" यांनी विचारलं.

"वोच तो मैं बी सोचरा. तुम जोर से दबाव."

यांनी जोरात दाबलं. बटणामागची नळी निसटली आणि पाणी जायचं तिथे न जाता यांच्या मांडीवर गेलं. लग्नासाठी शिवलेली नवी पँट, आणि ओली झाली ती नको तिथे. नेमके तेव्हाच वऱ्हाडातले कुणी पाहुणे आले. हे गाडीतून उतरेनात. अण्णांनी पुन्हा पुन्हा "या, ओळख करून देतो" म्हटलं, तरी हे स्टिअरिंग धरून आतूनच नमस्कार करत राहिले. करीमभाईंनी नळी घट्ट बसवून दिली, पण काचेवर थेंब नाही. त्यांच्या भाच्याचंही दुसऱ्या दिवशी लग्न होतं. "शादी के बाद देखते," असं म्हणून ते गेले. कुणाच्या लग्नानंतर, ते आम्ही विचारलं नाही.

दुधाची गोष्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि अण्णा दुसरा मेस्त्री शोधायला बाहेर पडले. अंगणात गाडी आणि आम्ही तिघी. इंदूताई गोधडी शिवायचा दाभण घेऊन आल्या आणि एका तोटीत टोचायला लागल्या. आक्का ओट्यावरून बघत होत्या. त्यांना राहवेना.

"शालू, तिला सांग, दाभण सरळ धर. वाकडा घातलास तर तोटी फाटेल."

मी सांगितलं.

"शालू, तिला सांग, मला शिवण येतं."

मी सांगितलं. आक्का उठल्या, पदर खोचला, बॉनेटखालच्या बरणीतून नळीचं टोक काढलं. "तिला सांग, मी इकडून फुंकते. तिकडून वारा येतो का बघ."

"इंदूताई, आक्का म्हणतात..."

आक्कांनी तोवर फुंकलं होतं. इंदूताईंचं बोट तोटीवर नव्हतंच. "तिला सांग, आधी सांगून फुंक."

"आक्का, इंदूताई म्हणतात..."

आक्कांनी पुन्हा फुंकलं. माझं बोलणं दोघींच्यामध्ये दर वेळी उशिरा पोचत होतं, आमच्या गावच्या टपालासारखं. एकीचं बोट निघालं की दुसरीचा श्वास सुटायचा. गाल फुगवून आक्का लालबुंद झाल्या. तेवढ्यात मला आठवलं की चुलीवर दूध ठेवलंय. मी आत धावले.

दूध वर येत होतं. मी फडकं घ्यायला वळले, आणि बाहेरून आवाज आला.

"थांब."

"थांबले."

"आता फुंक."

मी जागच्या जागी उभी राहिले. फडकं पाटाखाली कुठेतरी होतं. ते ओढायला गेले असते तर वरची भांडी वाजली असती.

"आला का वारा?"

"थोडा आला. जोरात फुंक की, आक्का."

"जोरातच फुंकतेय. माझं वय काय, तुझं वय काय. तू फुंक, मी दाभण धरते."

"तू धरशील आणि हात कापेल तुझा."

"कापत नाही. दे इकडे."

दूध उतू गेलं. सगळं गेलं, चुलीवर, राखेत, जमिनीवर. मी त्याला जाऊ दिलं. सासरी आल्यापासून असं जाणूनबुजून दूध मी पहिल्यांदाच वाया घालवलं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

मग बाहेर "फट्" असा आवाज झाला. मी धावत गेले. आक्का दाभण घेऊन तोटीवर वाकलेल्या होत्या आणि त्यांच्या कपाळाच्या बरोबर मधोमध लाल मातीचा ठिपका बसला होता. बॉनेटवर मातीचा एक लांबट खडा पडला होता, आणि त्यातून एक वाळकी अळी डोकावत होती.

"कुंभारीण," इंदूताई म्हणाल्या. आमच्याकडे भिंतीला, दाराच्या बिजागरीला, मिळेल त्या भोकात मातीचं घर बांधते ती माशी. आमच्या वखारीत गोणपाटाखाली तिने नळीतच संसार थाटला होता आणि पिलांसाठी अळ्यांचा शिधाही भरून ठेवला होता. दाभण वरच्यावर टोचत होता, घर होतं आत.

इंदूताईंनी तो खडा उचलला आणि बोटाने चुरला. त्या काळ्या मातीच्या मुलुखात ती लाल भुकटी वेगळीच दिसत होती. मग आक्का कपाळ पुसायला लागल्या तशा इंदूताई म्हणाल्या, "राहू दे थोडा वेळ. आपल्याकडची माती आहे."

आक्का म्हणाल्या, "माती आपल्याकडची असली तरी अळी कुजकीच आहे." आणि मग त्या हसायला लागल्या, इंदूताईही हसायला लागल्या, आणि दोघी बॉनेटला टेकून इतक्या हसल्या की शेजारच्या मागाची खटखट थांबली आणि तिथली बाई काय झालं ते बघायला दारात आली. दोघींनी मिळून तिला सांगितलं. तिला मराठी थोडंच येत होतं, पण तीही हसली.

मंद्रूप

आम्ही सगळेच निघालो. खरं तर हे एकटे जाणार होते, पण आक्का म्हणाल्या मी येते, तर इंदूताई म्हणाल्या मग मीही येते. अण्णा लग्नघर सांभाळायला मागे राहिले. मागच्या सीटवर दोघी बहिणी बसल्या आणि बोलायला लागल्या. एवढ्या वर्षांचं राहिलेलं होतं. कोण मेलं, कुणाची सून कशी निघाली, विहिरीजवळचा फणस पडला का. दोघी एकाच वेळी बोलत आणि दोघींना एकमेकींचं ऐकूही येई. यांनी दर ट्रकनंतर बटण दाबून धारा उडवल्या आणि "पाहिलंत?" असं विचारलं. कुणी पाहिलं नाही. त्या बोलण्याच्या भरात मंद्रूप केव्हा मागे पडलं ते कळलंच नाही. पार भीमेचं पात्र दिसायला लागलं तेव्हा परत फिरलो.

नवऱ्यामुलाच्या घरासमोर अर्धं गाव जमलं होतं. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे पाहुणे आणि गिऱ्हाइकं यांच्यात फरक कळेना. आजींना दोन नातवांनी धरून आणलं. हिरवं लुगडं, कपाळभर गोंदण आणि पाठीला मोठं पोक. त्या गाडीच्या मागे उभ्या होत्या आणि त्यांचं गाठोडं डिकीत ठेवणं चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी यांना विचारलं की हे काळं बटण कशाचं.

मी "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत यांनी दाबलं. आक्कांनी दाभणाने तोटी साफ करताना तिचं तोंड जरा वर वळवलं होतं, आणि गाडी चालत असताना वारा ती धार दाबून काचेवर पाडत होता. इथे वारा नव्हता. धार उठली, काचेवरून गेली, टपावरून गेली, आणि पलीकडे सरळ आजींच्या डोक्यावर पडली.

मुलाचे वडील पुढे आले. इंदूताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मुलीकडच्यांनी मुलाच्या आजीला भर गावात भिजवलं होतं, आणि अजून लग्न लागायचं होतं.

आजींनी तोंडावरून हात फिरवला. वर आभाळाकडे बघितलं, ते कोरडं. मग गाडीकडे बघितलं. यांनी उतरून हात जोडले होते.

"पाव्हणं," आजी म्हणाल्या, "आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला पाय धुवायला पानी देत्यात. तुमच्याकडं डोस्क्यावर घालत्यात व्हय?"

आक्का पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "व्हय आजी. आमच्या कोकणात पाणी लई, म्हणून."

आजी हसल्या. त्यांना दात नव्हते, त्यामुळे ते हसू फार मोठं दिसलं. "मग घाला आनकी एकदा. उन्हानं जीव चाललाय, लई गार वाटलं बगा."

यांनी तीनदा घातलं. चौथ्यांदा नातवंडांनी रांग लावली आणि बरणी संपली. मुलाच्या वडिलांनी ती स्वतःच्या हाताने आडाच्या पाण्याने भरून दिली. येताना आजी पुढे बसल्या, बटणाजवळ, आणि सोलापूर येईपर्यंत त्यांनी यांना ते एकदाही दाबू दिलं नाही. सगळं काम त्यांनीच केलं. ट्रक असो वा नसो.

परत

लग्न छान झालं. अक्षता वेळेवर पडल्या. जेवणात शेंगापोळी होती, तिच्यावर तूप आणि वर पुन्हा तूप. मी तीन खाल्ल्या आणि दुपारभर बोलले नाही.

निघायच्या सकाळी मात्र दोघी बहिणींचं पुन्हा बिनसलं. गाडीजवळ उभं राहून इंदूताई शेजारच्या बाईला सांगत होत्या की पिचकारी त्यांनी दुरुस्त केली. आक्का गाडीत बसलेल्या, त्या काच खाली करून म्हणाल्या, "तू कुठे? दाभण माझ्या हातात होता."

"पण फुंकलं कुणी?"

"फुंकायला काय अक्कल लागते?"

"मग आधी तू इतका वेळ फुंकत होतीस, तेव्हा का नाही निघालं?"

आक्कांनी तोंड फिरवलं. "जा. आता मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," इंदूताई म्हणाल्या, आणि पदराचं टोक खिडकीतून आत घालून त्यांनी आक्कांचे डोळे पुसले. "पण पोचलीस की दोन ओळी टाक. शालूच्या हातून नको. तुझ्या हाताने."